आनंदा मिस्त्रीचं मुंगूस

जगात सगळी माणसं गाडीच्या इंजिनाला हात लावून झाल्यावर हात धुतात. आमचे आनंदा मिस्त्री आधी धुवायला लावायचे. त्यांच्या शेडच्या दारात नळ होता, नळापाशी नारळाच्या करवंटीत साबणाची वडी होती आणि खिळ्याला टॉवेल. पाहुणा कितीही मोठा असो, सुटका नाही. एकदा गावचे सरपंच कडक इस्त्रीच्या कपड्यांत गाडी बघायला आले. मिस्त्री म्हणाले, "सरपंच, आदी हात धुवून या. साबण लावून. आन् त्या अंगठ्या काढा, वरखडा पडतोय." अख्ख्या उचगावाला धारेवर धरणारे सरपंच मुकाट्यानं नळाकडे गेले.

हात धुऊन आलं की पुढचा हुकूम सुटायचा. "डोळं मिटा. आता हितनं बोट फिरवा. कुठं कोपरा लागतोय?"

"नाही लागत."

"का न्हाय लागत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पंधरा वर्षांत कुणालाही आलं नाही. मलाही नाही, आणि मी शाळामास्तर आहे.

गाडी जपानी होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स गाडी. पुढचं बॉनेट इतकं लांब, की गाडी वळणावर आली की आधी नाक यायचं आणि मग बऱ्याच वेळानं मिस्त्री यायचे. अंग जमिनीला टेकलेलं, रंग तपकिरीकडे झुकलेला लाल. गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगूस ठेवलं आणि मिस्त्रींनाही ते पसंत पडलं. सकाळी सकाळी मुंगूस आडवं गेलं तर दिवस चांगला जातो, असं ते रस्त्यात थांबून लोकांना सांगायचे.

ही गाडी मुळात मिस्त्री नोकरीला होते त्या फाउंड्रीच्या मालकांची. मालकांनी ती मुंबईच्या कुणा बोटीवरच्या साहेबाकडून हौसेनं आणली, दोन वर्षं शहरातल्या शाहूपुरीतून ऐटीत फिरवली आणि एका पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात ती बंद पडली ती पडलीच. ट्रकला बांधून आणली आणि फाउंड्रीच्या मागच्या पत्र्याखाली ढकलून दिली. तिथं अकरा वर्षं कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. नव्वद साली मिस्त्री नोकरी सोडून स्वतःची शेड टाकायला निघाले तेव्हा मालकांनी विचारलं, "मिस्त्री, आठवण म्हणून काय देऊ? घड्याळ देऊ?" मिस्त्री म्हणाले, "घड्याळ नगं. ती गाडी भंगाराच्या भावानं द्या."

गावाला वाटलं, मिस्त्रींना म्हातारचळ लागला. घरात माणसं सहा आणि गाडी दोघांची. मिस्त्रींच्या पत्नी सुशीलावहिनी एकदाच तिच्यात बसल्या आणि लगेच उतरल्या. "ह्यात पाय पसरून बसाय लागतंय. मी काय बाळंतीण हाय?" असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला.

पण मिस्त्रींनी गाडी बसण्यासाठी घेतलीच नव्हती. ते समजायला त्यांचा धंदा समजायला हवा. मिस्त्री पॅटर्नमेकर. फाउंड्रीत बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात कोरावी लागते. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं आणि मागं राहिलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. म्हणजे लोखंडाची वस्तू खरी जन्मते ती सागवानात. गंमत अशी, की वस्तू तयार झाली की लाकूड माळ्यावर जातं आणि लाकूड कोरणारा घरी जातो.

त्या पत्र्याखाली कोंबड्या हाकलून मिस्त्रींनी सहज म्हणून बॉनेट उचललं होतं. आत सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या अंगाला बिलगलेली सहा फाट्यांची ॲल्युमिनियमची नळी. हवा आणि पेट्रोल इंजिनात नेते ती. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. बाकीच्यांना स्पोर्ट्स गाडी दिसली असती, मिस्त्रींना त्या नळीमागचं लाकूड दिसलं. "सर, सहाच्या सहा फाटं, आन् एकाचा बी कोपरा बोटाला लागत न्हाय," ते मला सांगायचे. "हे लाकूड ज्यानं कोरलं त्येला घाई नव्हती. आन् त्यो डावरा हाय."

"डावरा? हे कशावरून?"

"आतल्या वळणावर गोल पटाशीचं वरखडं बघा. उजव्या हाताचा माणूस असं वढत न्हाय. जपानमधी बसून त्येनं लाकूड कोरलं आन् त्येचा हात मला हितं उचगावात दिसतोय. मला त्येचं नाव पायजे."

एवढंच होतं सगळं. एका डावऱ्या, अनोळखी जपानी मिस्त्रीचं नाव काय, हे कळावं म्हणून ह्या माणसानं गाडी घेतली होती.

तीन वर्षं ते गाडी दुरुस्त करत होते. एखादा भाग रुमालात बांधायचा, सायकलवर टांग मारायची आणि शाहूपुरीतली सुट्या भागांची दुकानं पालथी घालायची. ब्रेकची रबरं एका टेम्पोची बसवली. क्लचच्या प्लेटला जुन्या ट्रॅक्टरचं अस्तर रिव्हेट मारून घेतलं. समोरची काच मिळेना, तर काचवाल्याकडून बसच्या पुढच्या काचेतून कापून घेतली. त्यामुळे त्या गाडीतून सगळं जग थोडं निळसर दिसायचं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मुंगूस एकदाचं गुरगुरलं आणि अर्धं गाव शेडपुढं जमलं. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, नळावर जाऊन हात धुतले आणि मॅनिफोल्डवर तळहात ठेवून उभे राहिले. गाडी चालवायची असते ह्याची त्यांना आठवण करून द्यावी लागली.

ह्या माणसाचा सगळा संसार, राजकारण आणि तत्त्वज्ञान एका शब्दात मावायचं. तो शब्द म्हणजे टेपर. वाळूतून लाकूड काढताना साचा मोडू नये म्हणून लाकडाला बाजूनं किंचित निमुळता उतार द्यावा लागतो, तो टेपर. संध्याकाळी गप्पा मारायला आलेला शेजारी जेवणाची वेळ झाली तरी उठला नाही की मिस्त्री माझ्या कानाशी लागायचे, "ह्येला टेपरच न्हाय." सभेत पुढाऱ्याचं भाषण लांबलं की म्हणायचे, "शिरलाय खरा, पर निघणार कसा?" माझी बदली होणार अशी अफवा उठली तेव्हा मात्र माझी पाठ थोपटून म्हणाले, "तुमी जावा खुशाल. तुमास्नी टेपर चांगला हाय." हे कौतुक होतं की काय, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मी इंग्रजी शिकवायचो, म्हणून जपानला पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. मिस्त्री रंधा बाजूला ठेवून सांगायला बसायचे. "लिवा. पावणं, नमस्कार. तुमची गाडी आमच्याकडं हाय, बरी हाय, काळजी नसावी." मी त्याचं 'विथ ड्यू रिस्पेक्ट' करायचो. "पुढं लिवा. तुमच्याकडं ज्या डावऱ्या मिस्त्रीनं मॅनिफोल्डचं लाकूड केलं, त्येंचं नाव-गाव कळवावं. हयात असतील तर आमचा जयभीम सांगावा. नसतील तर घरच्यास्नी सांगावा." मी तेही शक्य तितकं इंग्रजीत बसवायचो. शेवटी विचारायचो, "सही?"

"तुमचीच करा की. इंग्रजी तुमचं हाय."

मी ऐटीत सही करायचो. व्ही. के. चौगुले. मला माझ्या सहीचा अभिमान होता, तिच्यातला 'व्ही' फार डौलदार येतो.

गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून उत्तर म्हणून नव्या गाड्यांचं एक चकचकीत पुस्तक आलं. मिस्त्रींनी ते शेवटच्या पानापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "गाड्या चांगल्या हायत्या. पर इचारलं त्येचं काय?"

आणि मग मॅनिफोल्डलाच चीर गेली. म्हाताऱ्या ॲल्युमिनियमला जाते तशी. गाडी खोकायला लागली. दुसरा कुणी असता तर त्यानं चीर डकवली असती. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड काढला, धोतराच्या पानात गुंडाळला, समोर ठेवला आणि नवीन लाकूड कोरायला घेतलं. चार महिने धंद्याचं काम अर्ध्यावर. शेवटी शेजारच्या भट्टीत ओतकाम झालं, वाळू झाडली, सगळे आनंदानं नाचायच्या बेतात होते, आणि नळी इंजिनाला लावल्यावर शेवटच्या फाट्याचं भोक बोल्टवर येईना. जेमतेम नखाएवढं चुकलं होतं.

मिस्त्री मटकन खाली बसले. थंड होताना धातू आक्रसतो, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच थोडी मोठ्या मापाची असते. बिडाची वेगळी आणि ॲल्युमिनियमची त्याहून थोडी मोठी. पस्तीस वर्षं बिडासाठी लाकूड कोरलेल्या हातानं सवयीनं बिडाची पट्टी उचलली होती. भट्टीवाला म्हणाला, "मिस्त्री, भोक कानशीनं वाढवा की, कुणाला कळतंय?" मिस्त्रींनी घण उचलला आणि त्या नळीचे पाच तुकडे केले. "त्या डावऱ्याला कळंल," असं म्हणून त्यांनी तुकडे परत भट्टीत टाकले आणि दुसरं सागवान काढलं. दुसऱ्या वेळी नळी अशी बसली, की बोल्ट हातानं फिरले.

पुढं एकदा पुण्याहून एक जुन्या गाड्यांचा शौकीन तरुण गाडी विकत घ्यायला आला. डोळ्यांवर काळा चष्मा. चारी बाजूंनी फिरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण मॅनिफोल्ड ओरिजिनल नाही. किंमत उतरते."

मिस्त्रींनी त्याला नळाकडं धाडलं. तो हात धुऊन आल्यावर म्हणाले, "पावणं, जपानवाल्यानं पयल्यांदा केलं ते ओरिजनल, व्हय का न्हाय?"

"हो."

"मग म्या बी पयल्यांदाच केलंय की! माझं डुप्लिकेट कसं?"

तरुणाला चहा मिळाला, गाडी मिळाली नाही.

एव्हाना शाहूपुरीत इंटरनेटची दुकानं झाली होती. मी दोन बोटांनी टाईप करत जपानमधल्या ह्याच गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ शोधून काढलं आणि आमच्या नव्या नळीची हकीकत त्यांना कळवली. मिस्त्री शेजारच्या स्टुलावर बसायचे. मी बटण दाबलं की विचारायचे, "गेलं पत्र?"

"गेलं."

"आवाज तर काय आला न्हाय."

मंडळाचे चिटणीस तानाका नावाचे गृहस्थ होते. त्यांचं उत्तर आलं, की तिकडंही मॅनिफोल्ड चिरतात आणि नवे मिळत नाहीत. आम्हाला तीन करून द्याल का? मिस्त्रींनी ते तीनदा वाचायला लावलं. मग शेडच्या दारात उभं राहून त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "जपानची गाडी, आन् माल चाललाय उचगावातनं!" त्या आठवड्यात गावात एकही माणूस असा उरला नाही ज्याला मॅनिफोल्ड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तीन नळ्या भुशात घालून, लाकडी पेटीत खिळे मारून रवाना झाल्या. पेटीबरोबर मिस्त्रींचा तोच एक प्रश्न होता आणि खाली माझी डौलदार सही होती.

दोन महिन्यांनी जाड कागदाचं पाकीट आलं. पत्ता माझ्या नावाचा. शेडमध्ये लाकडाच्या ओंडक्यावर बसून मी मोठ्यानं वाचत, मराठी करत गेलो. तिन्ही नळ्या कानस न लावता बसल्या. मंडळातले म्हातारे सभासद त्या हातात घेऊन बघत बसले होते. मिस्त्रींचा चेहरा फुलत चालला होता.

पुढचं वाक्य मी मनात वाचलं आणि थांबलो.

"वाचा की."

"'श्रीयुत चौगुले,'" मी वाचलं, "'तुमच्यासारखे हात आता आमच्याकडं उरले नाहीत.'"

माझे हात! ज्यांना खडू सोडून दुसरं काही उचलता येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं, की सही ज्याची, काम त्याचं असं जग धरतं. मी म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी आहे. मी आजच कळवतो."

मिस्त्री हसले. "असू द्या सर. सवय हाय. डावऱ्याचं काय लिवलंय?"

तानाकांनी मनापासून शोध घेतला होता. कारखान्यातला तो विभाग कधीच पाडला होता. गाडीचा आराखडा कुणी केला, इंजिन कुणी बेतलं, शर्यतीत कुणी चालवली, सगळ्यांची नावं नोंदलेली होती. लाकूड कोरणाऱ्यांची कुणी लिहून ठेवली नव्हती. शेवटी लिहिलं होतं, की हा प्रश्न आमच्या देशात आजवर कुणी विचारला नाही, ह्याची आम्हाला लाज वाटते.

मिस्त्रींनी पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं बी असंच हाय."

एवढं बोलून ते उठले आणि उगाचच भुसा झाडायला लागले. बारा वर्षं मी त्यांना ओळखत होतो. उद्यमनगरात, म्हणजे फाउंड्र्यांच्या वसाहतीत, त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. कुणी नाव विचारलंच तर ते 'आनंदा' म्हणून तिथंच थांबायचे. आमच्याकडं नावानंतर आडनाव कशासाठी विचारतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या थांबण्याचं कारण सांगायला नको. सुतारांच्या ह्या धंद्यात ते पोरवयात झाडू मारायला आले आणि बघून बघून शिकले. सगळ्या फाउंड्रीत त्यांच्या तोडीचा हात नव्हता, त्यांच्या हातचे पंप गावोगावच्या विहिरींवर चालत होते, तरी त्यांच्या कामावर त्यांचं नाव कधी आलं नाही. त्या जपानी माणसाचं नाव ते का शोधत होते हे मला त्या दिवशी कळलं, आणि एवढ्या उशिरा कळल्याबद्दल स्वतःचा फार राग आला.

पुढच्या रविवारी सकाळी मी म्हणालो, "मिस्त्री, चला, गगनबावड्याच्या रस्त्यानं फिरून येऊ. मला तुमचं काम बघायचंय."

"गाडी रोज बघतासा की."

"गाडी नाही. पंप."

त्यांनी गाडी काढली. निळसर काचेतून दोन्ही बाजूंचा ऊस पळत होता. तासाभरानं एका विहिरीपाशी त्यांनी वेग कमी केला आणि हळूच म्हणाले, "ह्यो माझा हाय." बिडाचा जुना पंप घरघरत होता आणि पाटात जाड धार पडत होती. पंपाच्या अंगावर फाउंड्रीमालकांचं नाव ठळक, उठावदार अक्षरांत होतं. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं. "ही अक्षरं बी मीच कोरलेली."

शेताचा मालक बांधावरून आला. सत्तरीचा, डोक्याला टॉवेल. आधी त्यानं गाडीकडं बघितलं, मग आमच्याकडं. मी म्हणालो, "काका, हा पंप ज्यांच्या हातचा आहे ते हे."

"व्हय?" म्हाताऱ्यानं मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्या बानं बसिवल्याला. इंजिन गेलं, मोटर आली, ती बी दोनदा जळली. पंपाला चीर न्हाय. दोन पोरींची लग्नं ह्या पाण्यावर केली मी. नाव काय म्हणायचं पावणं?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. सही करायची वेळ आली की बघायचे तसं. मी मुद्दाम उसाकडं तोंड फिरवलं.

"आनंदा," ते म्हणाले आणि थांबले. पंप घरघरत होता. मग त्या आवाजाच्या वरताण, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आनंदा सखाराम कांबळे. पॅटर्नमेकर. उचगाव."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि घराकडं वळून हाक दिली, "ऐकलं का गं? आपला पंप केल्यालं कांबळे मिस्त्री आल्यात. च्या टाक." मग मिस्त्रींचा हात धरून म्हणाला, "हितं उन्हात कशाला? घरात चला."

मिस्त्रींनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि ताठ मानेनं आत गेले. मी बाहेर गाडीपाशीच थांबलो. बोलावणं त्यांना होतं, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की डोळे पुसायला थोडा वेळ हवा होता.